आडवा टेम्पो

सिडकोतल्या आमच्या गल्लीत एक टेम्पो आडवा उभा होता आणि मागे हॉर्नची मैफल जमली होती. मी तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे सुरक्षित अंतरावरून, “ओ भाऊ, रस्ता बापाचा आहे का?” असं ओरडलो आणि पोलिसांना फोनही केला. नागरिक म्हणून फार बरं वाटलं.

हवालदार आले तसा खाली उतरलो. टेम्पोने एका उभ्या कारचं दार चेपलं होतं. कार पप्पांची होती. आमचा विमा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा. ठोकणारा पळाला असता तर भरपाई शून्य, आणि पप्पांसमोर मी उभा.

टेम्पोवाले इसाकभाई मालेगावहून कापड घेऊन आले होते. सगळ्यांच्या शिव्या खाऊनही जागचे हलले नव्हते. कारच्या फुटलेल्या काचेवर त्यांनी नवंकोरं कापड बांधलं होतं.

“पंचनाम्याआधी टेम्पो हलवला तर तुमचा क्लेम लटकतो, साहेब. मालकाची वाट बघत होतो.”

“मी वरून ओरडत होतो की!”

“म्हणून तर वाटलं, हा मालक नसणार. मालक असता तर खाली पळत आला असता.”

हवालदारांनी विचारलं, “तक्रार कोणाची?”

“माझी.”

“नुकसान?”

“तेही माझंच.”

“मग यांनी काय केलं?”

“उपकार.”

हवालदारांनी तो शब्द लिहिला नाही, पण इसाकभाईंच्या विम्याचा नंबर नीट लिहून घेतला. हॉर्न वाजवणाऱ्यांतलेच दोघे पंच झाले. मी सगळ्यांना चहा पाजला. इसाकभाईंना दोनदा.