डावीकडच्या बाटल्या

बालवर्गाच्या बाईंना सगळी मुलं आत्याबाई म्हणायची, ह्याला कारण भिंगरी. भिंगरी त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी, आणि ह्या वर्षी त्यांच्याच वर्गात आलेली. घरी आत्या म्हणायचं आणि शाळेत बाई, हे त्या पाच वर्षांच्या जिवाला काही झेपेना. तिने दोन्ही एकत्र करून टाकलं आणि आठवडाभरात वर्गभर तेच नाव रूढ झालं.

खेळदिन तीन आठवड्यांवर आला तेव्हा लहानांची अडथळ्यांची शर्यत आत्याबाईंच्या गळ्यात पडली. शाळेकडे साहित्य म्हणाल तर एक शिट्टी, आणि तीही सर्दी झाल्यासारखी वाजायची. मग त्यांनी घरोघरचं सामान गोळा केलं. फ्रीजच्या रिकाम्या खोक्याचा बोगदा झाला. विटांवर ठेवलेली फळी म्हणजे पूल. दोन खुर्च्यांना बांधलेली दोरी खालून सरपटत जाण्यासाठी. शेवटी वाळू भरलेल्या बाटल्यांच्या दोन रांगा, त्यांच्यामधून नागमोडी पळत जायचं आणि एकही बाटली पाडायची नाही.

पहिल्याच सरावात भिंगरीने पाच बाटल्या आडव्या केल्या. मुलं खिदळली. आत्याबाईही हसल्या.

"अगं वेंधळे, डोळे कुठे ठेवून आलीस?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. तिसऱ्या दिवशी बाटल्या उचलताना त्यांच्या लक्षात आलं की पडलेल्या सगळ्या डाव्या रांगेतल्या आहेत. त्यांनी भिंगरीला उलट्या टोकाकडून पळायला लावलं. आता दुसरी रांग डावीकडे आली आणि तीच पडली.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि खेळ खेळल्यासारखं दाखवत तिच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला. भिंगरी समोरच्या भिंतीवरची चित्रं भराभरा सांगत सुटली. मग हात उजव्या डोळ्यावर ठेवला. तिने तो झटकन ढकलला.

"नको ना आत्याबाई, सगळं पुसलं जातं."

ह्याच डोळ्यांवरून आपण तिला वर्गासमोर हसलो, हे आत्याबाईंना आठवलं.

रविवारी सकाळी त्या भावाच्या घरी गेल्या. दादा शहर बसचा ड्रायव्हर होता, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. वहिनी ऐकूनच बिथरली.

"चांगली धडधाकट पोर आहे माझी. तुम्हाला वर्गात आवरत नाही म्हणून आता तिच्यात खोट काढायची का, ताई?"

"वहिनी, खोट नाही गं. एकदा डॉक्टरांना दाखवू, एवढंच म्हणते मी."

"डॉक्टर-बिक्टर काही नको," दादा एकदम म्हणाला. तो इतक्या चढ्या आवाजात कधी बोलत नसे. वहिनीनेही चमकून पाहिलं.

आत्याबाई निघाल्या तेव्हा तो सोडायला खाली आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून, इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "मलाही तसंच आहे. डावा. लहानपणापासून."

"काय?"

"उजव्यावर चालतं सगळं. डोळ्यांच्या तपासणीतला तक्ता मला पाठ आहे. उलटा म्हणायला सांग, उलटा म्हणून दाखवतो." तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही.

"बारा वर्षं बस चालवतोयस, दादा!"

"बारा वर्षांत एक ओरखडा नाही गाडीला. तिला आरसे असतात. मान जरा जास्त वळवायची, बस." मग तो गयावया करत म्हणाला, "पोरीला नेतो मी. उद्याच नेतो. पण हे तुझ्यामाझ्यातच राहू दे. हिलासुद्धा माहीत नाही."

आत्याबाई हो म्हणाल्या. त्या घडीला त्यांना भिंगरीचा डोळा तेवढा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं भिंगरीला घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "डावा डोळा आळशी झालाय. नंबर फार मोठा आहे, म्हणून मेंदूने त्याचं ऐकणंच सोडलंय. चष्मा लावायचा आणि रोज काही तास उजवा डोळा पट्टीने झाकायचा, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल. आत्ता आणलीत ते बरं केलंत. मोठेपणी फारसं काही हाती लागत नाही." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं आहे?"

"नाही," दादा म्हणाला.

आत्याबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली.

त्यानंतर मात्र त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिना. शाळेच्या कोपऱ्यावर दादाची बस डावीकडे वळायची. सकाळी त्या उगाचच तिथे रेंगाळायच्या. एकदा बस वळत असताना डाव्या फुटपाथवरून एक बाई छोट्याला ओढत खाली उतरली. बस कचकन थांबली. काही झालं नाही. बाई शिव्या घालत निघून गेली. पण त्याने तिला वेळेवर पाहिलं, की कुणी आतून ओरडलं म्हणून तो थांबला, हे आत्याबाईंना कळेना. दिवसभर वर्गात मुलं काय बोलत होती ते त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

संध्याकाळी त्यांनी त्याला डेपोच्या फाटकाबाहेर गाठलं.

"दादा, तुला शब्द दिला ते माझं चुकलं. तू स्वतः जाऊन सांग. ह्या महिन्याच्या आत. नाही तर मी सांगेन."

"सख्खी बहीण ना तू?"

"म्हणूनच आधी तुझ्याकडे आले."

"स्टिअरिंगशिवाय मला दुसरं काय येतं, सांग ना!" तो पाठ फिरवून निघून गेला. त्या दिवसापासून त्याने बोलणं टाकलं.

खेळदिनाला भिंगरी चष्मा आणि त्याखाली उजव्या डोळ्यावर पट्टी लावून आली. शर्यतीपुरती पट्टी काढू, असं आत्याबाईंनी सुचवलं, तर तिने भोकाड पसरलं. पट्टी दुपारपर्यंत काढायची नाही, असं डॉक्टरकाकांनी तिला बजावलं होतं. शेवटी फळी विटांवरून उतरवून एका सतरंजीच्या घडीवर ठेवली आणि मदतीला एका पालकाला उभं राहायला सांगितलं. दादा पुढे झाला. बहिणीकडे त्याने पाहिलं नाही.

भिंगरी बोगद्यातून बाहेर आली. फळीजवळ येऊन तिने पाऊल टाकलं ते फळीच्या शेजारी, मोकळ्या जागेत, आणि ती धपकन पडली. दादा उचलायला वाकला.

"उचलू नको बाबा! मला फळी दिसत नाहीये. कुठे आहे ते सांग फक्त."

तो गुडघ्यांवर बसला. तिचं पाऊल हातात धरून त्याने फळीवर ठेवलं, मग दुसरं. सगळी मुलं कधीच पलीकडे पोचली होती. बाटल्या तिने दोन्ही बाजूंच्या पाडल्या आणि सर्वांत शेवटी येऊन जिंकल्यासारख्या उड्या मारल्या.

दादा तिथेच गुडघ्यांवर राहिला. मग आत्याबाईंनी पाहिलं, की त्याने तळहाताने आपला उजवा डोळा झाकला आणि मैदानाकडे बघितलं. बराच वेळ त्याने हात काढला नाही.

सोमवारी तो डेपोत गेला आणि साहेबांना सगळं सांगून आला. चौकशी झाली. त्याला गाडीवरून उतरवून सुट्या भागांच्या कोठारात बसवलं. वहिनीला त्याच दिवशी कळलं. ती आत्याबाईंना शाळेच्या फाटकात भेटली आणि एवढंच म्हणाली, "त्याने मला बारा वर्षं सांगितलं नाही, आणि तुम्हीही सांगितलं नाही." नंतर कितीतरी दिवस वहिनी भिंगरीला सोडायला शेजारणीला पाठवत होती.

सहा महिन्यांनी भिंगरीचा डावा डोळा तक्त्यावरच्या आणखी तीन ओळी वाचायला लागला. ते सांगायला दादा स्वतः बहिणीच्या दारात आला. आत मात्र आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मी गेलो नसतो, तर तू खरंच सांगितलं असतंस?"

"हो."

त्याने मान हलवली. त्याच्या बोटांना ग्रीस लागलेलं होतं, ते तो अंगठ्याने खरवडत राहिला.

"मग मी आधी गेलो ते बरं झालं," तो म्हणाला आणि जिना उतरायला लागला.