माल्पेन्सापर्यंत

माझी आई एर्सिलिया मोटारीत बसत नसे. बस चाले, ट्राम चाले, आगगाडी तर फार आवडीची; पण चार दारांच्या मोटारीचं दार उघडलं की ती दोन पावलं मागे सरायची. मी लहान असताना एकदा धुक्यात तिने गाडी भाताच्या खाचरात घातली होती. बाबांचा हात मोडला, तिला खरचटलंसुद्धा नाही. बाबा पुढे कितीतरी वर्षं तो किस्सा जेवणाच्या टेबलावर रंगवून सांगत आणि सगळे हसत. आई उठून भांडी आवरायला जायची. बाबा गेले तेव्हाही ती शववाहिकेत बसली नाही. कबरस्तानापर्यंत मागून चालत आली.

म्हणून तिचा भाऊ, माझा गाउदेन्झिओमामा, याने ब्युनोस आयर्सहून विमानाचं तिकीट पाठवलं, तेव्हा आमच्या घरात वाद विमानावरून झालाच नाही. वाद झाला तो व्हेर्चेल्लीहून माल्पेन्सा विमानतळावर जायचं कसं, यावरून.

"ड्रायव्हर सांगू या," माझा नवरा फुल्विओ म्हणाला. "दारातून उचलेल, दारात सोडेल. दोन जड बॅगा, नोव्हेंबरचं धुकं, मिलानला गाडी बदलायची. कशासाठी हा खटाटोप?"

"आगगाडी रुळावरून जाते," आई म्हणाली. "रूळ धुक्यात हरवत नाहीत."

"आई, रूळ हरवत नाहीत, पण गाड्या अडकतात की," फुल्विओ म्हणाला.

"अडकली तर अडकली. खाचरात तर जात नाही ना?"

मी आईच्या बाजूने बोलले. खरं तर मला पटलं होतं फुल्विओचं, पण ऐंशीच्या घरात आलेल्या बाईला प्रवासाच्या दिवशी रडवायची माझी तयारी नव्हती. फुल्विओने खांदे उडवले. "तुम्हा मायलेकींचं तुम्ही बघा," म्हणाला, आणि विषय सोडला. निदान मला तसं वाटलं.

निघायच्या दिवशी सकाळी धुकं असं होतं की स्टेशनसमोरची झाडंही दिसेनात. गाडी मात्र वेळेवर आली. आई खिडकीशी बसली, बॅग मांडीवर. बॅगेत मामासाठी आमच्याकडचा तांदूळ आणि सलामी होती. "बघ," ती म्हणाली, "तुझा नवरा उगाच घाबरवतो."

नोवाराला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. थोड्या वेळाने घोषणा झाली: पुढे मार्गावर बिघाड आहे, गाडी कधी सुटेल सांगता येत नाही. डब्यातले लोक एकदम उठले. आम्ही बॅगा ओढत बाहेर आलो, तोवर टॅक्सीच्या थांब्यावर एकही टॅक्सी उरली नव्हती आणि बसपाशी लोक एकमेकांच्या अंगावर चढत होते. विमान माद्रिदमार्गे जाणारं. ते चुकलं की पुढचंही चुकणार.

मी नाक मुठीत धरून फुल्विओला फोन केला.

"नोवाराला अडकलात ना?" तो म्हणाला. "बातम्यांत ऐकलं. डाव्या हाताला फुलांचं दुकान आहे, त्याच्यापुढे राखाडी गाडी उभी असेल. चालवणाऱ्या बाईचं नाव रोदिका."

"म्हणजे?"

"म्हणजे मी तिला काल रात्रीच सांगून ठेवलं होतं. ती नोवारातच राहते. लागली तर लागली. रागवायचं असेल तर घरी आल्यावर रागव."

रागवायला मला वेळच नव्हता. गाडी होती. पण आई बाकावर बसली ती उठेना.

"तू मामाला फोन कर," ती म्हणाली. "सांग, पुढच्या वर्षी येते."

"आई, मामा त्र्याऐंशीचा आहे."

"मला माहीत आहे तो केवढा आहे. त्याला पाळण्यात मी नाही झुलवलं, त्याने मला झुलवलं." मी भडाभडा बोलायला लागले: गाडी चांगली आहे, रस्ता जवळचा आहे, पट्टा लावू, डोळे मिटून बस. आई अजूनच आक्रसत गेली.

तेवढ्यात रोदिका आमच्याकडे आली. मोल्दोवाची, पन्नाशीची, जाड स्वेटर घातलेली बाई. तिने माझं बोलणं थोडा वेळ ऐकलं आणि आईला म्हणाली, "सिन्योरा, धुक्यात गाडी चालवायला मलाही आवडत नाही. तुम्ही पुढे माझ्या शेजारी बसा. 'थांब' म्हणालात की मी थांबेन. का, ते विचारणार नाही."

"नक्की?"

"एकदा करून बघा."

आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. उठली, पुढच्या सीटवर बसली आणि दोन्ही हातांनी बॅग घट्ट धरली. गाडी स्टेशनच्या चौकातून वळते न वळते तोच ती म्हणाली, "थांब."

रोदिकाने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

"चल," आई म्हणाली.

गावाबाहेर पडल्यावर पुन्हा "थांब". एका पेट्रोल पंपाशी पुन्हा. मागे बसून मी घड्याळाकडे बघत नखं खात होते. "आई, अगं, आता—" असं मी म्हणायला गेले तर रोदिकाने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

गालियाते गाव मागे पडल्यावर तिचिनोचा पूल आला. खाली नदी होती म्हणे. दिसत होता फक्त पांढरा कापूस. आता ही नक्की थांबवणार, मी मनात म्हटलं. आईने श्वास आत ओढला, आणि म्हणाली, "आमचे हे ओरडले होते."

"कोण?" रोदिकाने विचारलं.

"माझा नवरा. त्या दिवशी. मी नीट चालवत होते गं. हे एकदम किंचाळले, 'ब्रेक, ब्रेक!' समोर काही नव्हतं. मी दचकून ब्रेक मारला आणि गाडी घसरली. मग जन्मभर सगळ्यांना सांगत बसले, एर्सिलियाने मला खाचरात पाडलं."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"त्यांचा हात मोडला होता ना. बिचारे."

रोदिका हसायला लागली. "माझाही असाच होता. शेजारी बसला की पाय आपटायचा, जसा काही ब्रेक त्याच्याच पायाखाली आहे."

आई हसली. आधी नाकातल्या नाकात, मग खळखळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं मी तो किस्सा बाबांच्या तोंडून ऐकला होता आणि इतरांबरोबर मीही हसले होते.

त्यानंतर ती एकदाही "थांब" म्हणाली नाही. दोघी जणी आंबवलेल्या कोबीपासून सुनांपर्यंत सगळं बोलत होत्या. विमानतळाच्या दारात उतरताना आईने रोदिकाचे दोन्ही गाल चुंबले.

काउंटरवर पोचताच मी तिकीट पुढे सरकवलं. तिथल्या मुलीने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "धुक्यामुळे उशिरा सुटतंय. माद्रिदहून पुढचं विमान मिळेल, काळजी करू नका."

मी तिथेच एका ट्रॉलीवर बसले. आईनेच माझ्या पाठीवरून हात फिरवला. "किती घाबरतेस गं," म्हणाली. "तुझ्या बाबांवर गेलीस अगदी." आणि तपासणीच्या रांगेत कोट काढून हातावर घेत, वळून न बघता, आत गेली.

परतताना रोदिकाला दुसरं भाडं होतं आणि मला तर आगगाडीच हवी होती. कॉफी प्यायले, एक गोड ब्रेड खाल्ला, गाडीत खिडकीशी बसले आणि सुखाने झोपले. मिलानकडचा मार्ग बिघडलेला, म्हणून या वेळी वाटेत सारोन्नोलाच उतरून नोवाराची गाडी धरायची होती. जाग आली तेव्हा लोक उतरत होते आणि ते स्टेशन मिलानचं होतं.

फुल्विओचा फोन आला. "आई गेल्या का? तू कुठे आहेस?"

"गेली. मी मिलानमध्ये आहे."

"मिलानमध्ये काय करतेस?"

"काहीच नाही," मी म्हणाले. बाहेर धुकं विरलं होतं, फरशीवर ऊन पडलं होतं. "संध्याकाळपर्यंत येते. तू जेवून घे."