लिंबाखालची जागा

सुंदररावांच्या अंगणात त्याही सकाळी तिघं जण पालथे पडले होते. एक चौसाळ्याचा किराणावाला, दुसरा लिंबागणेशचा हमाल आणि तिसरे चक्क माजी सभापती, पांढऱ्या कपड्यांना माती लागू नये म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरून. तिघांच्याही कंबरेत उसण भरली होती. सुंदररावांची नात दर्शनी वेणीला रिबीन बांधत बाहेर आली, दप्तर पायरीवर ठेवलं, चप्पल काढली आणि एकेकाच्या कंबरेत लाथ घालत गेली.

"जरा जोरात, ताई," सभापती मातीतून म्हणाले. "आमच्याच पार्टीनं घातली तशी."

दर्शनीनं घातली. सभापती टुणकन उठले, नमस्कार करून गाडीत बसले. दर्शनी बीडच्या एसटीमागे पळाली. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती ती, आणि पहिलाच तास विद्युत, चुंबकत्व आणि प्रकाश या विषयाचा होता.

दर्शनी पायाळू होती. जन्मताना डोक्याआधी तिचे पाय बाहेर आले. अशा माणसाच्या लाथेनं उसण जाते, यावर सगळ्या पंचक्रोशीचा भरवसा. तिची कीर्ती पार चकलांब्यापर्यंत गेली होती. म्हणे एकदा बसकण मारलेल्या बैलाला तिनं लाथ घातली, तर तो उठला तो पेरणी उरकूनच थांबला. बैलाला मात्र कुणी विचारलं नाही.

पण त्याच लोकांची आणखी एक समजूत होती. पायाळूवर वीज पडते. आभाळ गुरगुरलं की सुंदरराव ओसरीवर काठी आपटत. "काढा तिला भाईर! घरावर आणती का काय!" मग दर्शनीनं शेताच्या बांधावर एकट्या उभ्या असलेल्या कडुलिंबाखाली जाऊन बसायचं. वीज हवी तर तिथं पडावी, घर वाचावं. चालायला लागली तेव्हापासून हा नेम. ज्या पायांची लाथ खायला सकाळी रांग लागे, त्याच पायांना दुपारी उंबरा बंद होई. तिचा बाप अंगद अशा वेळी हमखास बैलाचं दावं तपासत असे. आई, सुभद्राबाई, तेवढी मागच्या दारानं खताच्या पोत्याची खोळ घेऊन लिंबापर्यंत धावे, लेकीच्या डोक्यावर घाली आणि कुणी बघायच्या आत परत येई.

यात सगळ्यांत वाईट काय, तर दर्शनीलाही ते खरं वाटे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं पहिल्यांदा होकायंत्र हातात घेतलं, तेव्हा ते टेबलाखाली नेऊन गुपचूप आपल्या पायांपाशी धरलं. सुई जराशी थरथरली आणि उत्तरेकडेच थांबली. पायांची सुईनं काही दखलच घेतली नाही. मग एके दिवशी शाईस्ता मॅडमनी चकचकीत गोळ्याचं यंत्र काढलं. लाकडी स्टुलावर उभं राहून त्यावर हात ठेवला की अंगात भार साठतो आणि केस ताठ उभे राहतात. सगळ्या पोरींचा नंबर झाला, दर्शनी काही पुढं येईना.

"कावून गं? घाबरलीस?" मॅडमनी विचारलं. मॅडम बीडच्या मेकॅनिक अजीजभाईंच्या लेक. हातात पाना घेतल्याशिवाय त्यांना शिकवता येत नसे.

"मी पायाळू हाय, मॅडम. मशीन फुटंल."

शेजारची मैत्रीण बाक सोडून लांब सरकली. मॅडमनी ते पाहिलं. त्या स्वतः दर्शनीला खेटून उभ्या राहिल्या आणि तिचा हात धरून गोळ्यावर ठेवला. वर्ग श्वास रोखून बसला. दर्शनीचे केस उभे राहिले. इतरांचे राहिले होते तेवढेच. एक बटही जास्त नाही.

"वीज जन्मवेळ बघत नाही, बेटा," मॅडम म्हणाल्या, "उंची बघते. माळावर एकटं उभं झाड म्हणजे तिला आयता जिना. पक्क्या घरात बसावं. उघड्यावर सापडलीस, तर झाडापासून लांब, खोलगट जागी, पाय जुळवून उकिडवं बसायचं."

"आणि झाडाखालीच बसवलं तर?"

"कोण बसवतं?" मॅडमनी हसत विचारलं आणि दर्शनीचा चेहरा बघून त्यांचं हसू मावळलं.

त्या संध्याकाळी दर्शनीनं आजोबांना सगळं समजावून सांगितलं. सुंदररावांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "तुझ्या मॅडमला आण हितं. दोघीबी बसा लिंबाखाली. एकीवर पडली तर दुसरी लिहून घील."

घरातले पोट धरून हसले. सुभद्राबाई तेवढी न हसता चुलीत लाकूड सारत राहिली.

मार्चच्या अखेरीस अवकाळीनं गाठलं. अंगणात बाजेवर कुरडया वाळत होत्या. दुपारी पश्चिमेचं आभाळ जांभळं झालं, काठी आपटली आणि दर्शनी मुकाट्यानं बाहेर पडली. बांधापर्यंत गेली, लिंबाकडे एकदा बघितलं आणि त्याला वळसा घालून पार पलीकडच्या ओघळीत उतरली. पाय जुळवले, डोकं गुडघ्यांत घातलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती विजेला भिऊन नव्हे, विजेला ओळखून बसली होती.

एकच गोष्ट तिच्या ध्यानातून गेली. जागा बदलल्याचं आईला सांगायचं राहिलं.

सुभद्राबाई पोतं घेऊन धावत आली. लिंबाखाली लेक नाही. "दर्शे! ए दर्शे!" तिनं खोडाभोवती फेरी मारली, खोडाला धरून पलीकडे वाकून पाहिलं. ओघळीतून दर्शनी उठली, घसा फाटेस्तोवर ओरडली, "आई, झाड सोड! झाड सोड!" गारांच्या माऱ्यात ते कुणाला ऐकू जाणार? उजेड झाला. असा उजेड, की दर्शनीला आईच्या हातातल्या पोत्याचा एकेक धागा दिसला.

लिंब मधोमध चिरला होता. सुभद्राबाईच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पोतं मात्र धुपत होतं.

गाव जमलं. सुंदररावांनी सुनेच्या देहाकडे पाहिलं, मग नातीकडे.

"जाग्यावरून उठलीस कावून?" ते म्हणाले. "वीज तुलाच न्यायला आलती. तू जाग्यावर असतीस तर माझी सून वाचली असती."

दर्शनीनं बापाकडे पाहिलं. अंगद दाव्याची गाठ सोडत होता. दाव्याला बैल नव्हता.

आईचं कार्य उरकलं आणि दर्शनीचं अंथरूण गोठ्यात गेलं. लाथ खाणाऱ्यांची गर्दी मात्र दुप्पट झाली. साक्षात विजेला चकवलेला पाय! मोटरसायकलवरून लोक येत, अंगणात पडत. ती त्यांच्याकडे न बघता एसटी गाठायची. "माजली हाय," असं ते पालथ्या पालथ्याच म्हणत.

मग एके दिवशी खुद्द सुंदरराव चप्पल घालायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. चौघांनी उचलून घरात बाजेवर पालथं घातलं.

"दर्शने, पाय लाव गं." त्यांनी गोठ्याच्या दिशेनं हाक मारली.

ती दारात आली. "न्हाई, आबा. माझ्या पायात गुण न्हाई."

"आजवर होता की!"

"गुण हाय म्हणलं की वीजबी हाय म्हणावं लागतंय. दोन्ही न्हाई."

आणि नेमकं आभाळ गुरगुरलं. दर्शनी गोठ्यात परत गेली नाही. उंबरा ओलांडून आत आली आणि आजोबांच्या बाजेला टेकून जमिनीवर बसली. ते बघून घरात एकच पळापळ झाली. चुलती पोरं उचलून शेजारी धावली, चुलता परातच डोक्यावर धरून पळाला. अंगद दारापर्यंत गेला, लेकीकडे वळून बघितलं, क्षणभर घुटमळला आणि पावसात उतरला.

"आरं, हिला भाईर काढा! न्हाईतर मला तरी काढा!" सुंदरराव ओरडत होते. गावात कधीकाळी त्यांच्या शब्दावर निवडणुका फिरत. आता साधी बाज फिरवायला कुणी उरलं नव्हतं.

खिडकी पांढरी झाली. म्हाताऱ्यानं किंकाळी फोडून डोळे मिटले. गडगडाटानं भांडी वाजली.

"डोळे उघडा, आबा. उजेड आधी येतो, आवाज मागनं. आवाज ऐकू आला म्हणजे ती दुसरीकडं पडली."

पुन्हा उजेड, पुन्हा आवाज. म्हाताऱ्याचे दात वाजत होते. दर्शनी शांत बसून होती. फक्त प्रत्येक उजेडाला तिची बोटं पदर धरल्यासारखी ओढणीत रुतत. हळूहळू आवाज डोंगराकडे सरकला. वळचणीचं पाणी तेवढं ठिबकत राहिलं. स्लॅब जागेवर होता. बाज जागेवर होती. नातही.

सुंदरराव उशीत अर्धं तोंड खुपसून पुटपुटले, "मंग... सुभद्रा कावून गेली?"

"माझ्यासाठी पोतं घेऊन आलती ती, आबा. मला भाईर कुणी काढलं होतं?"

सुंदररावांना भिंतीकडे तोंड फिरवायचं होतं. कंबर वळेना. तिच्याकडे बघत पडून राहावं लागलं.

सकाळी दर्शनी दप्तर घेऊन निघाली, तेव्हा अंगणातल्या चिखलात चकलांब्याचा एक माणूस पालथा पडला होता. ती त्याच्याशेजारी उकिडवी बसली.

"उठा, मामा. कंबरंला दवाखाना हाय चौसाळ्यात. एवढंच सांगा, काल कडाडलं तवा तुमच्या घरातनं कुणाला भाईर काढलं होतं?"

माणसानं तोंड पुन्हा मातीत घातलं.

"हाय एक," तो मातीतूनच म्हणाला. "धाकट्या भावाची पोरगी. सहा वर्साची."

"कुठं बसवता?"

"चिंचंखाली."

फाट्यावर बीडच्या एसटीचा हॉर्न वाजला. दर्शनीनं तिकडे एकदा पाहिलं, मग दप्तर पाठीला नीट आवळलं.

"गाडी काढा," ती म्हणाली. "दुपारी पुन्हा आभाळ येणार हाय."