जवळ बसायला अक्षर लागत नाही

दिवेलागण झाली की नर्मदाचं लक्ष दाराकडं लागायचं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात सुरू होतं. तिचा नवरा बन्सी तिथं वेल्डिंग करी. परभणीकडचं हे कुटुंब कुंभवलीत एका भाड्याच्या खोलीत राहत होतं. कामावरून आल्यावर चहा घेतला की बन्सी चौथीतल्या आनंदीला पुढ्यात बसवायचा.

"म्हण आठाचा पाढा!"

पोरगी अडखळली की पाठीत धपाटा. लेक शिकून मोठी व्हावी ही त्याची तळमळ खरी होती. पण पोरांना शिकवायची दुसरी रीत त्यानं कधी पाहिलीच नव्हती. नर्मदा चुलीपुढं मान खाली घालून बसे. मला अक्षर येत नाही, मी काय बोलणार? उलट आनंदीनं पुस्तक उघडलं की तीच हाक मारी, "आनंदे, बाळाला घे गं. घागर भरून आण."

एके दिवशी शाळा सुटून बराच वेळ झाला तरी आनंदी घरी आली नाही. बाळाला कडेवर घेऊन नर्मदा धावतच शाळेत गेली. शिक्षिका इंदुबाईंना बिलगून पोरगी पायरीवर बसली होती.

"माय, मी घरी येत नाय. आज गणितं चुकली. बाबा मारतील."

नर्मदा तिच्याशेजारी पायरीवर टेकली.

इंदुबाई म्हणाल्या, "नर्मदाबाई, हिला उत्तर येत असतं. पण चुकण्याच्या धाकानं वर्गात तोंडच उघडत नाही."

"बाई, आमी अडाणी मान्सं. आमी तिला काय शिकवावं?"

"शिकवायचं माझ्यावर सोडा. ती अभ्यासाला बसली की तिला कामं सांगू नका. जवळ बसा. आज काय शिकलीस ते विचारा, मन लावून ऐका. जवळ बसायला अक्षर लागत नाही!"

घरी बन्सी दारातच उभा होता. गणितं चुकल्याचं ऐकून त्याचा हात उठला, आणि आयुष्यात पहिल्यांदा नर्मदा मध्ये आली.

"थांबा! तुमी कामावर नवे होता तवा किती जोड वाकडे केले, तुमीच हसत सांगता. मिस्त्रीनं मारलं का तुमाला?"

बन्सीचा हात खाली आला. "नाय... पुन्ना करून दाखवलं त्यानं," तो पुटपुटला. मग बाळाला त्यानं स्वतःच घेतलं आणि घागर उचलून बाहेर पडला.

नर्मदा लेकीजवळ बसली. "काय शिकलीस आज?"

आनंदी बिचकत भरती-ओहोटीचं सांगू लागली. इथं येईपर्यंत नर्मदानं समुद्र पाहिलाच नव्हता; आल्यापासून ती त्याच्याकडं नवलानं बघत होती. "पर माघारी जातं ते पानी ऱ्हातं कुठं?" तिनं विचारलं.

आनंदी हसली. "उद्या बाईंना विचारते!"

दुसऱ्या दिवशी वर्गात आनंदीचा हात वर गेला. वर्षभरात पहिल्यांदाच!

ती काही लगेच पहिली आली नाही. आठाचा पाढा पुढंही चुकला. तेव्हा तिनं घाबरून बापाकडं पाहिलं, तर बन्सी म्हणाला, "पुन्ना म्हण. घाई नाय."

आईबापांनो, मुलाला गुरुजी शाळेत मिळतात. घरी त्याला हवी असते थोडी सवड, चूक करायची मोकळीक आणि ऐकणारं माणूस. एवढं तर आपल्यापैकी प्रत्येकाला देता येईल!