मॉपला चमकीचा कागद

"बाबा, भेटवस्तूवरचा टॅक्स तुम्ही खिशात घालता का?"

हे गिऱ्हाइकांसमोर विचारायची तिची छातीच होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. परवाच अख्ख्या शाळेसमोर भाषण ठोकून आलेल्या मुलीला असं डिवचायचं? शाळा सुटल्यावर ती तडक बाबांच्या भांड्यांच्या दुकानात शिरली आणि भर गर्दीत विचारून मोकळी झाली.

बाबांची कात्री थांबली. दाराशी मैत्रिणी खुसखुसत होत्या.

"नाही गं," बाबा एवढंच म्हणाले आणि पुन्हा चमकीचा कागद कापू लागले. तो गुंडाळायचा कशाला होता? तर फरशी पुसायच्या मॉपला!

वस्तूंवर नवा टॅक्स लागला, तेव्हा कुणीतरी पुडी सोडली होती, की भेट द्यायच्या वस्तूला तो माफ आहे; दुकानदारच तो घेऊन खिशात घालतात. झालं! तेव्हापासून जो तो भेटच घेत सुटला होता. कढई भेट, बादली भेट, उंदराचा पिंजरासुद्धा भेट!

"काकू, मॉप कुणाला देणार?" तिने मॉप घ्यायला आलेल्या बाईंना विचारलं.

"सुनेला. वाढदिवस आहे तिचा."

"पुन्हा? गेल्या आठवड्यातच तर झाला. कचऱ्याचा डबा नेलात ना तेव्हा?"

मैत्रिणी फिस्सकन हसल्या. काकूंचा पारा चढला. "बघा हो, तुमची लेक! आधी आमच्याकडून टॅक्स उकळलात, भेट म्हटल्यावर मुकाट सोडायला लागलात. म्हणजे चोरी पकडली गेलीच की!"

बाबा कसनुसे हसले. मॉप देऊन टाकला.

काकू गेल्या तशी ती आईकडे वळली. आई मागच्या बाजूला खोकी उघडत होती. "आई, बाबा बोलले का नाहीत?"

"काय बोलणार? भेट असो नाहीतर घरातली वस्तू, टॅक्स भरावाच लागतो. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तुझे बाबा पदरचा भरतात."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पदरमोड करायची बाबांनी आणि चोरही बाबाच! दाराशी पैज लावणारी मैत्रीण खाली मान घालून पुटपुटली, "आमचा कुकरपण भेट म्हणूनच नेला होता."

"जाऊ दे," बाबा म्हणाले. "लोकांना कळेल हळूहळू."

"कसं कळेल, बाबा? तुम्ही पदरचे भरता, म्हणून तर त्यांना माफी खरी वाटते! रोज त्यांचं खोटं तुम्हीच छान गुंडाळून देताय!"

 तिने कागदाचं भेंडोळं ओढलं, पांढरी बाजू वर केली आणि जाड पेन हातात घेतला.

"आई, बाबा, ऐका. माझा मघाचा प्रश्न उत्तरासकट मी दारावर लावतेय. आणि उद्यापासून शाळा सुटली की बिलं मी करणार. कागद फुकट मिळेल, टॅक्स मात्र ज्याचा त्याने द्यायचा. चोर म्हणायचंय? माझ्या तोंडावर म्हणा म्हणावं!"