बिनहँडलची शेवरोले

न्यू मेक्सिकोतल्या एस्पन्योला गावात माणसाची जात कुणी विचारत नाही, गाडीची मात्र विचारतात. हॉट रॉड, कस्टम, लोरायडर; उत्तर चुकलं तर दुपार वादात गेलीच म्हणून समजा. युसेबिओ त्रुहियोच्या जुन्या शेवरोलेची जात मात्र आजवर ठरली नव्हती. तिच्या दारांना हँडलच नव्हती, त्यामुळे आत शिरून बघायची सोय नव्हती.

हँडल काढली त्यानेच, तरुणपणी. भोकांवर पत्रा जोडून, शिसं वितळवून भरलं, कानशीने घासलं आणि वर डाळिंबी रंग चढवला. नदीतल्या गोट्यावरून फिरावा तसा हात तिच्यावरून फिरायचा. अशा गाडीचं दार उघडायची कळ कुठेतरी लपवायची आणि मरेपर्यंत कुणाला सांगायची नाही, ही तिथली रीत. युसेबिओ तर दार उघडायच्या आधी मित्रांना पाठ फिरवून उभं करायचा.

मग त्याची बायको, दोमितिला, वारली. मुलगी अदेलाइदा तेव्हा रांगत होती. गाडी शेडमध्ये गेली ती कायमची. युसेबिओ रोज तिला पुसायचा, पण आत कधी बसला नाही. कळ कुठे ठेवली तेच गडी विसरला, असं गावाने ठरवून टाकलं. गावाला ठरवायला काय लागतं?

आता तो खरंच विसरत चालला होता. अदेलाइदाला कधी नर्स समजायचा, कधी शेजारीण. पण जर्दाळू फुलल्यापासून रोज दुपारी तो शेडमध्ये जायचा आणि डाव्या दाराशी, चालवणाऱ्याच्या बाजूला, हात मागे बांधून उभा राहायचा.

"बाबा, आत बसायचंय?"

"आधी तू," तो म्हणायचा. कुणाच्या तरी दारात थांबल्यासारखा शांत उभा असायचा.

एकदा त्याला त्या सीटवर बसवावं, एवढंच तिच्या मनात होतं. तिथे बसला की तो आपल्याला ओळखेल, असं तिला वाटायचं. वेडी आशा होती, पण आशेला शहाणपण कोण विचारतं? तिने आल्बुकर्कीहून चुलतभाऊ फिलिबेर्तोला बोलावलं. तो ड्रिल घेऊनच आला.

"दाराला भोक पाडतो आणि आतली तार ओढतो," तो म्हणाला. "मग बॉनेट काढून मोठं इंजिन बसवू. फर्स्टक्लास हॉट रॉड होईल, अदे."

"हॉट रॉड म्हणे." शेजारचे बेलार्मिनोकाका उलट्या बादलीवर बसले होते. "तुमची हॉट रॉड म्हणजे कुठून तरी पळून जायची घाई. आणि ती दुसरी, गंज चढलेली, मुद्दाम तशीच ठेवलेली?"

"रॅट रॉड, काका. फॅशन आहे."

"आमच्याकडे त्याला आळस म्हणायचे."

"बरं, मग ही कोण? ते तरी सांगा."

काकांनी गाडीकडे पाहिलं. पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं आणि डाळिंबी रंगात ते खोल पाण्यात उतरावं तसं उतरत होतं. "हॉट रॉड बांधतात इंजिनासाठी. कस्टम बांधतात रस्त्यावरच्या लोकांनी बघावं म्हणून. ही लोरायडर. एवढी खाली बसवलीय, ती हळू चालवायला. आणि हळू का चालवायचं? शेजारी जी बसलीय तिची फेरी लवकर संपू नये म्हणून. लोरायडर बांधतात शेजारच्या सीटसाठी, पोरा."

फिलिबेर्तोने मान हलवली आणि ड्रिल उचललं. पण युसेबिओ डाव्या दारासमोरून हलेना.

"युसेबिओकाका, जरा सरका बघू," फिलिबेर्तो म्हणाला.

"आधी ती," युसेबिओ म्हणाला.

अदेलाइदा दोन्ही हातांत पोसोलेचा, मक्याच्या रश्श्याचा, गरम वाडगा धरून उभी होती. बापाला जेवायला हाक मारायला आली होती ती. शेजारच्या सीटसाठी, हे शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. सगळ्यांनी आजवर कळ शोधली ती डाव्या बाजूला. ती गाडीला वळसा घालून उजवीकडे गेली.

दारापुढे एक चकचकीत धातूची पट्टी होती. तिच्या टोकाशी, तळहाताएवढ्या जागी, रंग झिजला होता. हाताने झिजावा इतक्या उंचीवर नव्हे. बुटक्या बाईच्या गुडघ्याच्या उंचीवर. अदेलाइदाची उंची आईवर गेली होती, असं सगळे म्हणत. आणि हात भरलेले असताना, कडेवर पोर असताना, बाई दार कशाने उघडणार?

तिने गुडघा टेकवून दाबला. आत कुठेतरी खट्ट झालं आणि दार हळूच बाहेर आलं. आतून जुन्या कातड्याचा वास आला.

फिलिबेर्तोने ड्रिल खाली ठेवलं. "मग डाव्या बाजूची कळ कुठाय?"

"नसेलच," बेलार्मिनोकाका सावकाश म्हणाले. "आता आठवतं मला. आम्ही वळून बघेपर्यंत ती आत असायची, आणि हा बाहेर. ती तिकडून वाकून याचं दार उघडायची. आम्ही हसायचो, की स्वतःच्या गाडीत शिरायला याला बायकोची परवानगी लागते."

अदेलाइदाला आता उमगलं. बाप काही विसरला नव्हता. आई गेल्यावर त्याला आत घेणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच. आणि ती वेडी त्याला विचारत राहिली, आत बसायचंय का म्हणून.

वाडगा बादलीशेजारी ठेवून ती आत बसली. लांब सीटवरून वाकून तिने डावं दार आतून उघडलं. युसेबिओ सवयीने मान वाकवून आत आला. दार ओढून घेऊन त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. गाडी जागची हलत नव्हती, तरी शेडच्या भिंतीवरचं ऊन सरकत होतं आणि तो भिंतीकडे रस्ता असल्यासारखा बघत होता.

"केवढा उशीर, दोमितिला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पोर झोपली का?"

त्याने तिला ओळखलं नव्हतंच. ती बसली होती आईच्या जागेवर, जी आई तिला आठवतही नव्हती. आणि 'पोर' म्हणून तिचीच चौकशी मात्र झाली होती.

"झोपली," अदेलाइदा म्हणाली. "हळू चालव. जागी होईल."