हाताला न लागणारी गाडी

या मित्रांनो, या. दोरीच्या आत येऊ नका, हात लावू नका, असं त्या पाटीवर लिहिलंय. मी एक जुनी पिकअप आहे. खोटं वाटतंय ना? मलाही वाटतं. काचेत बघते तर कुणी भलतीच बया उभी असते.

माझं सगळं आयुष्य बर्फ वाहण्यात गेलं. कारखान्यात लाद्या भरायच्या आणि त्या वितळायच्या आत मासळीबाजार गाठायचा. माझ्या मालकाला सगळे बर्फवाला काका म्हणायचे. आम्ही इतक्या जोरात सुटायचो की एकदा माझी सावली मागेच राहिली, दुपारी धापा टाकत आली. चढावर मी अशी खोकायचे की पलीकडच्या टेकडीवरच्या शेळ्या दचकून दूध द्यायच्या. हसताय काय? शेळ्यांना विचारा.

पण जाताना बर्फाचं पाणी, येताना मासळीच्या टोपल्यांचं खारट पाणी. माझा हौदा कुजला. काकाच्या बाजूचं दार लटकलं. ते जरा उचलून गुडघ्यानं रेटलं की मगच लागायचं. मागच्या फाळक्याला बर्फाच्या आकड्यानं एक पोचा पडला होता. काका रोज त्यात अंगठा रोवून फाळका उघडायचा.

मग काकाची नजर गेली. मी सहा वर्षं शेडमागे उभी. कोंबडीनं माझ्या इंजिनावर अंडी घातली. मी कुरकुर केली नाही, कारण कुरकुरायला बॅटरीच नव्हती.

काकाची लेक पत्र्याचं काम करते, वेल्डिंगपासून सगळं. काका तिला एकच सांगायचा, "चालवायची नाही गं मला. एकदा माझ्या गाडीत बसून कारखान्यापर्यंत जायचंय, बस."

लेकीनं मनावर घेतलं. चौदा महिने खपली बिचारी. सगळा गंज कापला, नवा हौदा वाकवला, दार, बिजागऱ्या, फाळका, सगळं हातानं बनवलं. जोड दिला की घासायचा, घासला की डोळे मिटून तळहात फिरवायचा. हाताला काही लागलं नाही की काम पास, ही तिच्या धंद्याची रीत. पण ज्याला दिसत नाही, त्याला हाताला लागतं तेवढंच दिसतं. हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

शेवटी तिनं काकाला हाताला धरून माझ्यापाशी आणलं. मी धडधडत उभी. काकानं सवयीनं दार उचललं. ते पिसासारखं हललं, आणि म्हातारा झोक जाऊन पडता पडता वाचला.

"कुणाची गं ही?"

"बाबा, तुमचीच."

"माझं दार भांडून लागायचं. हे नव्या जावयासारखं गुपचूप लागतंय."

तो चाचपत मागे गेला. फाळक्यावर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "चांगली आहे. ज्याची आहे त्याला देऊन टाक. माझी कुठाय?"

जुना फाळका लेकीनं शेडमागे दोन विटांवर ठेवून बाक केला होता. काका चाचपत तिथं जाऊन बसला. अंगठा पोच्यात गेला. "हं," म्हणाला, "ही बघ."

लेक हातोडा घेऊन माझ्याकडे आली. मार गं बाई, मनात म्हटलं, फाळक्यावर मार, पाड तो पोचा. तेवढ्यात तिचा भाऊ ओरडला, "ताई, वेड लागलं का? रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे." तिनं हातोडा खाली ठेवला.

मला पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हापासून एक लादी उचलली नाही. काका अजून त्या बाकावर बसतो. माझ्यात बसून कारखान्यापर्यंत गेला नाही तो नाहीच.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगायला हवं. मला तर फार जपलं. म्हणून सांगते, एखादी वस्तू नीट करायला घ्याल तेव्हा आधी विचारा, वापरणाऱ्याचा हात नेमका कुठं पडतो. तेवढी जागा सोडून द्या.

आता या दोरीच्या आत. पाटी गेली खड्ड्यात. कुणाच्या खिशात दगड असेल तर फाळका मागच्या बाजूला आहे.